बिघडत चाललेलं चित्र: तिथंच सुधारायचं की नवा कागद लावायचा?

पुस्तकासाठी किंवा दिवाळी अंकासाठी चित्र चालू आहे, निम्म्याहून जास्त रंगवून झालंय आणि काहीतरी चुकतंय हे डोळ्यांना टोचतंय. अशा वेळी रस्ते दोन. आहे त्याच चित्रावर हात फिरवून ते सावरायचं, नाहीतर नवा कागद लावून पहिल्यापासून सुरुवात करायची. या कामात नव्याने आलेली मुलं हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक एकच भीती असते, केलेली मेहनत वाया जाण्याची. माझ्या मते मेहनतीचा हिशेब यात सगळ्यात शेवटी यावा. आधी बघायचं ते चूक कुठल्या जातीची आहे, आणि लगेच त्यानंतर, माध्यम कोणतं आहे.

चूक ओळखायला साध्या युक्त्या पुरतात. मोबाईलवर फोटो काढून तो कृष्णधवल करा आणि काडेपेटीएवढा लहान करून बघा. मग तोच फोटो आरशासारखा उलटा करा. लहान आकारातही गोष्ट कळत असेल, मुख्य माणूस उठून दिसत असेल, तर चित्राचा सांगाडा ठीक आहे आणि बिघाड वरवरचा आहे: एखादा वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर) मळकट झाला, आभाळात पाण्याचा डाग फुटला, एखादी कड नको तितकी धारदार झाली. हे सुधारता येतं. पण लहान केल्यावर गोष्टीतला मुलगा मागच्या भिंतीत बुडून जात असेल आणि नजर कोपऱ्यातल्या चकचकीत तांब्याच्या घंगाळावरच जात असेल, तर गोंधळ रचनेत आणि छायाप्रकाशात आहे. त्यावर कितीही बारीक काम केलं तरी घंगाळ आणखी सुंदर होईल आणि मुलगा तिथंच हरवलेला राहील. अशा चित्राला माध्यम कुठलंही असो, नवी सुरुवात हाच उपाय. ती सुरुवातही नव्या मोठ्या कागदावर नको, परत छोट्या कच्च्या स्केचपासून हवी.

जलरंग

दोन्ही रस्त्यांतला फरक सगळ्यात तीव्रपणे जाणवतो तो इथं. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागद, उजेड म्हणजे कागद. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं एक प्रसिद्ध चित्र आहे. अनेकजण ते राजा रविवर्म्याचं समजतात, पण ते सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचं आहे आणि ते जलरंगात आहे. ज्योतीवर आडवा धरलेला तिचा हात बघा. उजेड बोटांच्या आरपार येतो आणि कडा लालसर पेटतात. जलरंगात असा उजेड पातळ वॉशखालून कागदच देतो. त्या बोटांवर एक वॉश चुकून जड पडला, तर वरून पांढरा लावून तो उजेड परत आणता येत नाही. पांढरा लावला की ती जागा खडूसारखी मेलेली दिसते.

म्हणजे जलरंगात सुधारणा शक्यच नाही, असं मात्र नाही. सपाट ब्रश स्वच्छ पाण्यात बुडवून निथळून घ्यायचा, बिघडलेल्या जागी हलक्या हाताने फिरवायचा आणि सुटलेला रंग टिश्यूने टिपायचा. टिपायचा, पुसायचा नाही. मग कागद पूर्ण वाळू द्यायचा. किती रंग सुटेल हे रंगावर ठरतं. अल्ट्रामरीन, कोबाल्ट ब्लू, बर्न्ट सिएना बऱ्यापैकी उठून येतात. थॅलो ब्लू, थॅलो ग्रीन, प्रशियन ब्लू, अलिझरिन क्रिमझन हे कागदाच्या तंतूंत मुरतात आणि मागे छटा ठेवतातच. त्यामुळे अल्ट्रामरीनचं आभाळ बिघडलं तर थोडी आशा आहे, थॅलोचं बिघडलं तर वेळ दवडू नका.

दुसरी मर्यादा कागदाची. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) शंभर टक्के कॉटनचा कागद असं रंग उचलणं एकदा, फार तर दोनदा सोसतो. त्यानंतर वरचं साइझिंग (कागदाला पाणी लगेच शोषू न देणारा लेप) जातं आणि तिरप्या उजेडात धरलं की कागदाला लव सुटलेली दिसते. त्या जागेवर पुढचा वॉश टीपकागदावर पडावा तसा शोषला जातो आणि भोवतालच्या रंगापेक्षा काळपट होऊन बसतो. गालावरची सावली सावरताना हे झालं, तर तो गाल शेवटपर्यंत आजारी दिसणार. लव दिसली की हात थांबवायचा. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद असेल तर एकदासुद्धा उचलायच्या फंदात पडू नये.

पावसाळ्यात एक वेगळीच अडचण येते, आणि दिवाळी अंकांची चित्रं नेमकी त्याच महिन्यांत काढायची असतात. दमट हवेत उघडा पडलेल्या कागदाचं साइझिंग जागोजागी खराब होतं. सपाट वॉश टाकला की त्यात गडद ठिपके उमटतात आणि आपल्याला वाटतं, हात चुकला. पहिल्याच वॉशमध्ये असे ठिपके आले तर त्याच पॅडमधला पुढचा कागद घेऊन नव्याने सुरुवात करण्यात काही अर्थ नाही. पॅडच बदला. आणि शिल्लक कागद सिलिका जेलच्या पुड्या घालून प्लास्टिकमध्ये बंद ठेवा.

जलरंगासाठी माझं मत स्पष्ट आहे. चेहरा, हात किंवा उजेडाची मुख्य जागा बिघडली तर नवा कागद. पार्श्वभूमीचा कोपरा बिघडला तर सुधारणा. नव्या कागदाची जेवढी धास्ती वाटते तेवढा वेळ त्याला लागत नाही, कारण पहिल्या चित्राचा बराचसा वेळ ठरवण्यात गेलेला असतो: सावलीत निळा किती, लुगड्याचा हिरवा कशातून करायचा, कुठला वॉश आधी. ते सगळं आता ठरलेलं असतं.

दुसऱ्या चित्राला धोका असतो तो वेगळा. समोर पहिलं चित्र ठेवून रंगवलं की दुसरं त्याची नक्कल होतं. रेषा बरोबर येतात, पण पाण्याने आपण होऊन केलेली गंमत निघून जाते आणि चित्र आखडतं. म्हणून ट्रेसिंग घ्यायचं ते मूळ स्केचवरून. रंगवलेल्या चित्रावरून कधीच नाही. पहिलं चित्र पालथं घाला. त्याच्या पाठीवर रंगांची मिश्रणं तपासा, त्याचा तेवढा उपयोग होतो.

पोस्टर कलर, गुआश आणि ॲक्रिलिक

अपारदर्शक रंगात वरून लावून चूक झाकता येते, म्हणून सुधारणेचं पारडं जड असतं. पण पोस्टर कलर आणि गुआश (जलरंगाचाच अपारदर्शक प्रकार) वाळल्यावरही पाण्याने परत सुटतात. वरचा हात पातळ असेल किंवा ब्रश दोनदा फिरला, तर खालचा रंग वर येऊन मिसळतो. दुरुस्ती करायची तर रंग साईसारखा दाट घ्या, एकाच फटक्यात ठेवा आणि त्या जागी परत जाऊ नका. ओल्या आणि वाळलेल्या रंगातही फरक पडतो. गडद छटा वाळल्यावर जरा फिकट होतात आणि फिकट छटा जरा गडद, त्यामुळे ठिगळ जुळवण्याआधी त्याच कागदाच्या तुकड्यावर रंग वाळवून बघावा. तिसऱ्या-चौथ्या थरानंतर रंग तडकायला लागतो. तिथवर आलात तर ती जागा ओल्या स्पंजने कागदापर्यंत धुवून काढा. खाली उरलेल्या फिकट छटेवर पुन्हा रंगवणं ही खरं तर अर्धी नवी सुरुवातच आहे, आणि जाड कागदावर ती फार छान जमते.

ॲक्रिलिक वाळलं की पाण्याने सुटत नाही. बेधडक वरून रंगवा. फक्त खालच्या जाड फटकाऱ्यांचे उंचवटे वरून दिसतात, ते आधी घासून घ्या.

तैलरंग

पुस्तकांसाठी आता तैलरंग कमी वापरले जातात, पण मुखपृष्ठासाठी अजूनही कुणी कुणी वापरतं. शिवाय सुधारणा आणि नवी सुरुवात यांची सगळ्यात बोलकी उदाहरणं याच माध्यमात सापडतात.

अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंटने 'मादाम एक्स' हे व्यक्तिचित्र १८८४ साली पॅरिसच्या सलोनमध्ये (तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनात) लावलं, तेव्हा त्या स्त्रीच्या झग्याचा एक बंद खांद्यावरून घसरलेला होता. त्यावरून गदारोळ झाला आणि नंतर सार्जंटने तो बंद खांद्यावर परत रंगवला. आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये चित्र तसंच आहे. बाकी आकृती, मान, काळ्या झग्याचा घाट यांना त्याला हात लावावा लागला नाही, कारण सांगाडा भक्कम होता. सुधारणा कुठे शोभते ते इथं दिसतं.

दुसऱ्या टोकाला अमेरिकन चित्रकार जेम्स व्हिसलर. बैठक संपली आणि मनासारखं उतरलं नसेल तर तो दिवसभराचा रंग कॅनव्हासवरून खरवडून काढायचा आणि पुढच्या बैठकीत पुन्हा सगळं रंगवायचा. त्याला चित्र एका दमात झाल्यासारखं ताजं दिसायला हवं होतं, आणि ठिगळं जोडून तो ताजेपणा येत नाही. समोर बसणाऱ्या माणसांचे हाल व्हायचे, पण त्याचे पृष्ठभाग बघितले की त्यामागचा हट्ट पटतो.

तैलरंगातल्या सुधारणेची किंमत उशिरा कळते. वर्षं जातात तसा रंग अधिक पारदर्शक होत जातो आणि झाकलेलं वर येऊ लागतं. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात स्पॅनिश चित्रकार वेलास्केझने काढलेलं स्पेनच्या चौथ्या फिलिप राजाचं घोड्यावरचं चित्र आहे. त्यात घोड्याच्या मागच्या पायांची आधीची जागा आज नुसत्या डोळ्यांनीही दिसते. आपल्या मुखपृष्ठाला ही काळजी नाही. आपल्याला भेडसावतं ते वाळणं. तेलाचा रंग हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो आणि हाताला कोरडा लागायलाच काही दिवस ते काही आठवडे जातात. खालचा जाड, तेलकट थर कच्चा असताना वरून कमी तेलाचा थर दिला तर वरचा आधी वाळतो आणि तडकतो. म्हणून तैलरंगात चूक ओली असतानाच सुरीने खरवडून टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसावी. ओल्या रंगात सुधारणा आणि नवी सुरुवात यांत अंतर फारच थोडं असतं, आणि हीच या माध्यमाची मोठी सोय आहे.

डिजिटल

इथं काहीच पक्कं नसतं, त्यामुळे माणूस सुधारतच राहतो. लेयरवर लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले वेगवेगळे थर) चढतात, मूळ रंग बाजूला राहतो आणि सगळं वरच्या करेक्शनच्या लेयरांवर चालतं. तशी वेळ आली की स्केचचा लेयर तेवढा उचलून नवी फाईल उघडणं जास्त झटपट होतं. एका बाबतीत तर पर्यायच नाही. फाईल छपाईच्या मापाला ३०० डीपीआयची (एका इंचात ३०० ठिपके) नसेल, तर ती मोठी करून सुधारत बसू नका, नव्याने रंगवा. याउलट झगझगीत निळे-हिरवे सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) निस्तेज पडले, तर तेवढ्यासाठी चित्र पुन्हा करायची गरज नाही. तो रंगाचा बदल आहे, आहे त्याच फाईलमध्ये होतो.

छापायचं चित्र असेल तर

इलस्ट्रेटरला तिसराही रस्ता मोकळा असतो आणि तो फार लोक विसरतात. वाचकापर्यंत पोचतं ते छापलेलं चित्र. म्हणून जलरंगात बाकी सगळं उत्तम असेल आणि फक्त आजीचा चेहरा बिघडला असेल, तर त्याच जातीच्या दुसऱ्या कागदावर तेवढा चेहरा आणि भोवतीचा थोडा पदर परत रंगवा, दोन्ही एकाच स्कॅनरवर सारख्याच सेटिंगला स्कॅन करा आणि जोडून घ्या. सांधा पदराच्या घडीवर किंवा केसांच्या कडेवर ठेवा, गालाच्या मध्यावर नको. पूर्वी ठिगळ कापून मूळ चित्रावर चिकटवायचे, तत्त्व तेच. मूळ चित्र विकायचं किंवा प्रदर्शनात लावायचं असेल, तर मात्र हा रस्ता बंद.

संपादकांनी कच्चं स्केच मंजूर केलेलं असेल तर नवी सुरुवात करताना रचना तीच ठेवा. रचनाच बदलायची असेल तर रंगाला हात लावण्याआधी फोन करा. पैसे चित्राचे मिळतात, ते किती वेळा काढलं याचे मिळत नाहीत.

वेळेचा हिशेब करताना उरलेले दिवस बघायचे, गेलेले नाहीत. पावसाळ्यात एकेक वॉश वाळायला लागणारा वेळ त्यात धरा. हेअर ड्रायर लांबून आणि पाण्याची चमक गेल्यावरच, नाहीतर रंग ढकलला जातो. एकच नवी सुरुवात बसेल इतकाच अवधी असेल तर थेट मोठा कागद लावू नका. पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर रंगांची मांडणी आधी करून बघा. आणि एकही बसत नसेल, तर वरच्या युक्त्यांनी सांगाडा तपासा. तो ठीक असेल तर चित्र सावरून द्या. छापून आल्यावर आभाळातला डाग कुणाला दिसत नाही. सांगाडाच बिघडलेला असेल तर संपादकांकडे मुदत मागा, तो फोन शेवटच्या दिवशी करण्यापेक्षा आज केलेला बरा.

मुलांच्या बत्तीस पानी चित्रपुस्तकात आणखी एक गोष्ट आड येते. एखादं चित्र नव्याने केलं की बहुतेक वेळा ते जास्त मोकळं होतं, आणि मग त्याच्या मागच्या-पुढच्या पानांशी त्याचं जुळत नाही. गोष्टीतल्या मुलीचं नाक बदलतं, तिच्या परकराचा जांभळा वेगळा पडतो. पहिल्या चार-पाच पानांत शंका आली तर सरळ नव्याने करा, पुढची सगळी पानं त्याच हाताने येतील. विसाव्या पानावर आलात तर शक्यतो सुधारा. नव्याने करणं भागच असेल तर कागद त्याच पॅडमधला घ्या, परकराचं मिश्रण जुन्या तुकड्यावर वाळवून जुळवा, आणि रंगवताना आधीची दोन पानं समोर टेकवून ठेवा.