नौपाड्यातला रविवारचा बीसीए: साडेतीन तारे, त्यातला एक मॅडमचा

वय सत्तेचाळीस. रबाळे एमआयडीसीत सीएनसी सेटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणारी कटिंगची मशीन लावून देणारा, चोवीस वर्षं हाच धंदा. मागच्या वर्षी कंपनीत प्रोग्रामरची जागा निघाली तेव्हा साहेबांनी प्रेमानेच विचारलं, "डिग्री आहे का?" माझा आयटीआय. ज्या पोराला ती जागा मिळाली त्याला टूल ऑफसेट कसा घ्यायचा ते मीच शिकवलं. राग नाही आला असं म्हणणार नाही. नोकरीत असताना रात्र कॉलेजमधून बारावी करून ठेवली होती, ती अशी कामाला आली. दूरस्थ पद्धतीचा बीसीए, म्हणजे कॉम्प्युटरची डिग्री, घेतला आणि ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका अभ्यास केंद्रात नाव घातलं. केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही, अजून दोन वर्षं तिथेच जायचंय.

आधी सगळे विचारतात ते सांगतो. ही डिग्री चालते का? मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ डिग्री नियमित डिग्रीच्या बरोबरीची धरायची, हे यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. पण विद्यापीठ आणि तो अभ्यासक्रम यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत आहे का, हे स्वतः वेबसाइटवर बघा. केंद्राच्या काउंटरवरच्या माणसाच्या तोंडच्या 'हो हो'वर जाऊ नका. प्रवेशाआधी डेब आयडी, म्हणजे याच विभागाचा नोंदणी क्रमांक, काढावा लागतो. माझा मुलीने दहा मिनिटांत काढून दिला. मी एकटा बसलो असतो तर दिवाळी उजाडली असती.

जागा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खाली गाडी लावायला जागा शोधणं हा वेगळा विषय, त्यात स्वतंत्र परीक्षा घेता येईल. मी लोकमान्यनगरातून टीएमटीच्या बसने येतो. ऐरोलीहून येणारा आमच्या वर्गातला एकजण ट्रान्स-हार्बरवर रविवारी मेगाब्लॉक असला की पहिलं लेक्चर सोडूनच देतो. दुपारच्या सुट्टीत गजाननचा वडापाव जवळ आहे, ती पिवळी चटणी खाल्ल्यावर दोन वाजताच्या लेक्चरला डोळे उघडे ठेवणं आपापल्या जबाबदारीवर.

वर्गात आम्ही अठ्ठावीस. माझ्या वयाचे तिघं, बाकी विशी-बाविशीतले. पहिल्या दिवशी मी आत शिरलो तर दोन मुलं उठून उभी राहिली, त्यांना वाटलं सर आले. आता सगळे काका म्हणतात आणि असाइनमेंट माझ्याआधी माझ्याच वहीतून उतरवतात.

लेक्चरबद्दल थोडक्यात: गणित बरं, इंग्रजीचं काय झालं मला आठवत नाही, कॉम्प्युटरची मूलतत्त्वं शिकवणारे सर पुस्तक वाचून दाखवतात. ते घरीही वाचता येतं. फी वर्षाला साडेअठरा हजार आहे ती या लेक्चरांसाठी असेल तर महाग आहे.

पैसे वसूल होतात ते सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवणाऱ्या मॅडमकडे. वयाने माझ्या धाकट्या भाचीएवढ्या. त्यांनी फंक्शन शिकवलं त्या दिवशी मी बाकावर एकटाच हसत होतो. मेन प्रोग्राम थांबतो, दुसरीकडे जाऊन काम करून येतो, जिथून गेला होता तिथून पुढे चालू. अहो, हे तर आमच्या सीएनसी मशीनचं एम९८ आणि एम९९! एम९८ ने सबप्रोग्राम बोलवायचा, एम९९ आलं की परत मेनमध्ये. वीस वर्षं करतोय, फक्त त्याला कुणी कॉलेजात नाव दिलं नव्हतं. मी हात वर करून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "काका, हे फळ्यावर येऊन सांगा." चाळिसेक होलचं ड्रिलिंग काढून दाखवलं. त्या दिवशी घरी जाताना मी चालतच गेलो, बस सोडली.

आता तक्रार. लॅब. बारा मशीन, त्यातल्या आठ चालतात, आणि त्या आठांवर सीचे प्रोग्राम चालवायला अजून तो निळ्या पडद्याचा जुना कंपायलर, टर्बो सी, आहे. डॉसच्या जमान्यातला, खिडकीत खिडकी उघडून चालवलेला. फॅक्टोरियलचा प्रोग्राम दिला होता, म्हणजे एकपासून त्या आकड्यापर्यंतचे सगळे आकडे एकमेकांशी गुणायचे. सातला ५,०४० आलं, बरोबर. आठला यायला पाहिजे ४०,३२०. आलं उणे २५,२१६. लॅबमधल्या दादाला विचारलं. तो म्हणाला, "लाँग इंट करा, येईल." इंट म्हणजे प्रोग्राममध्ये पूर्णांक ठेवायची जागा, लाँग इंट म्हणजे त्याहून मोठी. केलं, आलं. पण का? "तसंच असतं काका."

आमच्याकडे जॉबचं माप चुकलं आणि मी 'तसंच असतं' म्हणालो तर संध्याकाळी गेटबाहेर असेन. घरी मुलीच्या लॅपटॉपवर तोच प्रोग्राम, आधीचाच, साधा इंट ठेवून चालवला. आठला सरळ ४०,३२०. म्हणजे प्रोग्राम ठीक, गेज वेगळा.

पुढच्या रविवारी मॅडमना दोन्ही आकडे दाखवले. त्यांनी फळ्यावर सोळा चौकटी काढल्या. त्या जुन्या कंपायलरमध्ये इंटला सोळाच घरं, ३२,७६७ च्या वर आकडा मावत नाही, तो फिरून उण्यात जातो. ४०,३२० मधून ६५,५३६ वजा करा, बघा काय येतं. आलं की हो, उणे २५,२१६, तंतोतंत! लॅपटॉपवर इंटला बत्तीस घरं असतात म्हणून तिथे मावलं.

मग म्हणाल्या, घरी तेरा घालून बघा. घातलं. उत्तर १,९३,२०,५३,५०४. झकास दिसत होतं, उणे चिन्ह नाही, काही नाही. पण बाराचं उत्तर ४७,९०,०१,६००, शेवटी दोन शून्यं. त्याला तेराने गुणल्यावर शेवटी चार कुठून येणार? कॅल्क्युलेटरवर केलं तर ६,२२,७०,२०,८००. लॅपटॉपही फिरला होता, फक्त चेहरा साळसूद ठेवून. माप दोन मिलिमीटरने चुकलेला जॉब डोळ्यालाच दिसतो आणि स्क्रॅपमध्ये जातो. वीस मायक्रॉनने चुकलेला पॅक होऊन गिऱ्हाइकाकडे पोचतो. आमच्या जुन्या मशीनवर एक्स दहा लिहून दशांश चिन्ह विसरलं की मशीन दहा मिलिमीटर नाही, दहा मायक्रॉन सरकतं. ते मला नोकरीच्या पहिल्या महिन्यात कळलं होतं, हे आत्ता.

त्यामुळे लॅबला शिव्या द्याव्यात की नमस्कार करावा, माझं मलाच ठरत नाही. जुनी मशीन नसती तर हा प्रश्नच पडला नसता. पण प्रत्येकाच्या मागे अशी मॅडम उभी नसते. माझ्या शेजारच्या पोराने लाँग लिहिलं, उत्तर आलं, जर्नल पूर्ण केलं आणि तो निघून गेला. लॅबने एक तारा घालवला तो यासाठी. अर्धा तारा असाइनमेंट जमा केल्याची पावती न दिल्याबद्दल. माझी एक असाइनमेंट ऑफिसात हरवली, दुसऱ्यांदा लिहिली, हाताने, चोवीस पानं. शिफ्ट संपल्यावर.

कोणी माझ्यासारखं विचारात असेल तर प्रवेशाआधी एका रविवारी जाऊन लॅब बघून या, नुसती माहितीपत्रिका नको. घरी एक लॅपटॉप पाहिजेच, सेकंडहँड चालेल. आणि सेकंड शिफ्टवाल्यांनी शनिवारची ड्युटी आधीच बदलून घ्या, रात्री साडेअकराला सुटून सकाळी नऊला बाकावर बसता येतं पण ऐकू काही येत नाही.

दुसऱ्या वर्षाची फी पुढच्या महिन्यात भरायची आहे, भरणार. लॅबमधली मशीन बदलणार का, ते काल ऑफिसात विचारून आलो. "बघू" म्हणाले. सीच्या पुढच्या भागाला मॅडमच आहेत का, ते मात्र दोनदा विचारलं. आहेत.