येझदीचे ‘कंपनी माल’ शॉकअप घेतले आणि रेणापूरच्या पुढे स्प्रिंग तुटली

आमच्या घरी १९८४ ची येझदी रोडकिंग मोटारसायकल आहे. वडील आरोग्य खात्यात होते, औसा तालुक्यात त्यांची गावोगाव फिरती असायची. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंप झाला, तेव्हा उजाडायच्या आत ते याच गाडीवर किल्लारीकडे निघाले आणि पाचव्या दिवशी परतले. ते गेल्यावरही गाडी विकायचा विषय घरात कधी निघाला नाही. हे आधीच सांगतो, कारण मला फसवणाऱ्या माणसाने पहिल्याच फोनमध्ये नेमकी हीच गोष्ट माझ्याकडून काढून घेतली होती.

गेल्या दिवाळीत मागचे दोन्ही शॉकअप, म्हणजे धक्के जिरवणारे शॉक अब्सॉर्बर, गेले. रॉडवरून ऑईल ओघळायला लागलं आणि एका गतिरोधकावरून गाडी गेली की मागचा भाग तीन-चार वेळा वरखाली व्हायचा. लातूरच्या गंजगोलाईच्या मागच्या गल्लीतले मेकॅनिक चाचा तीस वर्षांपासून आमची गाडी बघतात. ते म्हणाले, “बेटा, खोल के देखेंगे. रॉड अच्छा होंगा तो सील डाल के यहीच चलेंगे.” म्हणजे ऑईल अडवणारं सील बदलून जुनेच वापरायचे. मला ते पटलं नाही. वडिलांच्या गाडीला नवंच टाकायचं असं माझ्या डोक्यात बसलं होतं. इथं मी पहिली चूक केली.

येझदी बनवणारा मैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. जानेवारी २०२२ पासून येझदी नावाच्या गाड्या पुन्हा बाजारात आल्या, पण त्यांचं इंजिन ३३४ सीसीचं आणि सगळी बांधणीच वेगळी. त्यांचा सुटा भाग जुन्या अडीचशे सीसीच्या गाडीला चालत नाही. त्यामुळे जुन्या गाडीला आज जे मिळतं ते तीन प्रकारचं असतं. एक, एखाद्या जुन्या डीलरकडे पडून राहिलेला खरा कंपनीचा माल, जो फार क्वचित सापडतो. दोन, आत्ता कुणीतरी बनवलेली नक्कल, जी चांगली असू शकते आणि वाईटही. तीन, भंगारातून काढून चकाकवलेला जुना माल. मला तिसऱ्या प्रकारचा माल पहिल्या प्रकारच्या भावाने विकला गेला.

माणूस मोबाईलवर सापडला. तो दुसऱ्या जिल्ह्यातला. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. बोलायला अतिशय गोड. “सर, वडिलांची आठवण आहे, तिला डुप्लिकेट लावू नका. माझ्याकडे एकच जोडी आहे, सील खोक्यातली.” भाव साडेआठ हजार. मी थोडा थांबलो, तर संध्याकाळी पुन्हा फोन, पुण्याचं गिऱ्हाईक तयार आहे म्हणून. त्याने एक व्हिडिओ पाठवला. शॉकअप टेबलावर उभा धरून तो हाताने दाबतोय आणि रॉड संथपणे वर येतोय. मी निम्मे पैसे लगेच पाठवले आणि उरलेले ट्रॅव्हल्सच्या पार्सलची पावती दिसल्यावर. माल हातात येण्याआधी पूर्ण पैसे गेले.

आणखी एक गोष्ट त्याने मागितली होती, तेव्हा ती मला साधी वाटली. “जुने शॉकअप मला पाठवून द्या, पाचशे कमी करतो.” आई म्हणाली, त्यांच्या हातचं काही जाऊ द्यायचं नाही, माळ्यावर ठेव. आईमुळे ते वाचले. असे लोक जुने भाग का गोळा करतात हे आता कळतं. पुढच्या गिऱ्हाइकाची ‘सील जोडी’ त्यातूनच तयार होते.

पार्सल आलं. छापील खोकं, तेलकट कागद, आरशासारखं क्रोम. चाचांनी मोजमाप करू म्हटलं, पण मला घाई होती. बसवून झाल्यावर दोन गोष्टी डोळ्यांसमोर होत्या आणि मी त्या सोडून दिल्या. मेन स्टँडवर लावली की आमच्या गाडीचं मागचं चाक मोकळं फिरायचं, ते आता जमिनीला टेकत होतं. आणि पन्नासच्या पुढे गेलं की गाडी किंचित एका बाजूला ओढायची. टायर जुनं झालं असेल असं मी स्वतःला समजावलं.

जानेवारीत मी आणि बायको अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला निघालो. रेणापूर मागे टाकलं, बर्दापूर यायचं होतं. एका गतिरोधकावर चाक आदळलं आणि खालून लोखंड मोडल्यासारखा आवाज आला. गाडी डाव्या अंगाला एकदम बसली, हँडल हातात थरथरायला लागलं. वेग तीसच्या आत होता म्हणून पाय टेकवता आले, पण बायको डाव्या हातावर पडली. मागून उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर येत होता. त्या पोराने ट्रॅक्टर रस्त्याच्या खाली घातला. त्याचं नाव विचारायचंही भान राहिलं नाही. बायकोच्या मनगटाला तीन आठवडे प्लास्टर होतं. पैशाचं सोडा, ती ट्रॉली मला अजून डोळ्यांसमोर दिसते.

डाव्या शॉकअपची स्प्रिंग वरून तिसऱ्या वेढ्यात तुटली होती.

चाचांनी दुसऱ्या दिवशी दोन्ही शॉकअप खोलले. मी शेजारी वही घेऊन बसलो, कारण आता मला सगळं नीट लिहून ठेवायचं होतं. आधी लांबी घेतली. वरच्या डोळ्याच्या, म्हणजे बोल्ट जातो त्या कडीच्या, मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंत. माळ्यावरच्या जुन्या जोडीपेक्षा ही जोडी १२ मिलिमीटर लांब निघाली, म्हणजे ती मुळात कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीची. स्टँडवर चाक टेकायचं ते त्यामुळेच. मागची बाजू उचलली गेली की पुढचा फोर्क जास्त उभा होतो, हँडल हलकं लागतं आणि साखळीचा ताणही बदलतो. लांबी कमी असती तर उलटा त्रास झाला असता, खड्ड्यात टायर मडगार्डला घासलं असतं.

मग स्प्रिंग. उजवीला एक वेढा कमी होता. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला तर डावीची तार ७ मिलिमीटर आणि उजवीची ७.५. फरक अर्ध्या मिलिमीटरचा, पण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी सगळं सारखं असलं तरी नुसत्या या अर्ध्या मिलिमीटरने ती सुमारे ३० टक्के कडक होते. वेढा कमी असेल तर आणखी. एका बाजूला कडक, एका बाजूला नरम, आणि मधे चाक धरणारा चिमटा पिळला जातोय. गाडी ओढायची ती टायरमुळे नव्हती.

आतलं काम तर वाईटच होतं. चाचांनी रॉड ओढून काढला आणि बोट आत घालून दाखवलं, “तेल कम है, ग्रीस ज्यादा.” रॉडला गंजाचे बारीक खड्डे होते, ते पॉलिशने झाकलेले. शॉकअपचं काम म्हणजे ऑईलने बारीक छिद्रांतून जाणं, त्यात स्प्रिंगची उसळी जिरते. ग्रीस त्या छिद्रांतून जात नाही. हाताने सावकाश दाबलं की जड लागतं म्हणून माणूस फसतो, आणि रस्त्यावर दोन-चार धक्के बसले की आत पोकळी होऊन शॉकअप नुसत्या स्प्रिंगवर नाचायला लागतो. व्हिडिओतला संथ वर येणारा रॉड खऱ्या, चांगल्या शॉकअपचा होता. थांबवून थांबवून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, त्याच्या खालच्या डोळ्याजवळ एक ओरखडा आहे, माझ्याकडे आलेल्या दोन्हींवर तो नाही.

स्प्रिंग तुटली का, हे मला लातूरच्या एमआयडीसीत प्लेटिंगचं काम केलेल्या एका ओळखीच्या माणसाने समजावलं. जुनी गंजलेली स्प्रिंग क्रोम करताना आधी आम्लात बुडवतात. आम्लात आणि पुढे प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन तयार होतो आणि तो कडक पोलादात शिरतो. प्लेटिंग झाल्यावर काही तासांच्या आत ती स्प्रिंग भट्टीत साधारण १९० अंशांवर बराच वेळ तापवावी लागते, म्हणजे हायड्रोजन निघून जातो. ती पायरी गाळली तर पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं. लगेच तुटत नाही. भार घेऊन उभं राहतं आणि एक दिवस अचानक जातं. चमक दाखवायची म्हणून नुसतं क्रोम मारून देणाऱ्याला हे ठाऊक नसतं किंवा त्याला फिकीर नसते. पुन्हा क्रोम केलेली जुनी स्प्रिंग विकत घेऊ नका आणि स्वतःच्या स्प्रिंगलाही करू नका. गंज घासून काढा, साधा रंग द्या.

खोकं मात्र आमच्या मुलीने पकडलं. ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. टेबलावर खोकं पडलं होतं, तिने हातात घेतलं आणि म्हणाली, “बाबा, यावर मैसुरू छापलंय. कर्नाटकातल्या काही शहरांची नावं १ नोव्हेंबर २०१४ ला बदलली, तेव्हा मैसूरचं मैसुरू झालं. कारखाना ९६ ला बंद झाला म्हणता ना?” मी चार महिने ते खोकं जपून ठेवलं होतं, मूळ खोकं म्हणून.

आता जुन्या गाडीला शॉकअप घ्यायचे असतील त्यांच्यासाठी मला कळलेलं सांगतो. आधी आपली जुनी जोडी काढून लांबी, डोळ्याचं भोक, त्यात बसणाऱ्या बुशची रुंदी मोजा आणि तो आकडा विकणाऱ्याकडून लिहून घ्या. “रोडकिंगला बसतो” हे उत्तर धरू नका, बसतो तर कशालाही, दोन वॉशर घातले की. शक्य असेल तर समोर स्प्रिंग काढून घ्या. ते काम मात्र स्प्रिंग दाबायचं साधन असलेल्या कारागिराकडूनच करा, दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो. स्प्रिंग निघाल्यावर शॉकअप उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबा आणि ओढा. आडवा पडून राहिलेला असेल तर पहिले एक-दोन झटके रिकामे लागतील, त्याने घाबरू नका. नंतर मात्र पूर्ण लांबीभर सारखा विरोध लागला पाहिजे, ओढताना दाबण्यापेक्षा जास्त. मधेच हात सुटल्यासारखा झाला तर तो शॉकअप गेलेला आहे. दोन्ही स्प्रिंगचे वेढे मोजा, तार मोजा. रॉडवरून नख फिरवा. नख अडलं तर नवीन सील महिनाभरही टिकणार नाही.

बाजूला डबी लावलेले गॅसचे म्हणून विकतात त्यांच्याबद्दलही सावध राहा. चांगल्या कंपनीच्या डबीत दाबलेला नायट्रोजन असतो, पण स्वस्तातल्या काहींची डबी नुसती शोभेची असते. आणि खालची खाचांची रिंग फिरवून स्प्रिंग कडक होते हा समजही चुकीचा. रिंगने गाडीची मागची उंची बदलते, स्प्रिंगचा स्वभाव तोच राहतो. आपण बसल्यावर मागची बाजू शॉकअपच्या एकूण चालीच्या, म्हणजे मागची बाजू जास्तीत जास्त जेवढी दबू शकते त्याच्या, एक तृतीयांशाच्या आसपास बसली तर स्प्रिंग आपल्या वजनाला बरोबर आहे. रोज डबल सीट जात असाल तर दोघांनी बसून मोजा.

विकणाऱ्याला मी तुटलेल्या स्प्रिंगचा फोटो पाठवला. आधी म्हणाला, तुमच्या मेकॅनिकने चुकीचं बसवलं. मग म्हणाला, जुन्या मालाची गॅरंटी नसते. मी मैसुरूचं विचारलं, त्यानंतर नंबर बंद.

मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आणि सायबर फसवणुकीसाठी १९३० वरही. पैसे गेल्या गेल्या १९३० वर फोन केला तर रक्कम अडवता येण्याची शक्यता असते, मी चार महिन्यांनी केला. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देतोय. २०१९ च्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विकणाऱ्याच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. मी पैसे पाठवल्याच्या नोंदी, ट्रॅव्हल्सची पावती, व्हिडिओ, दवाखान्याची कागदपत्रं आणि तुटलेली स्प्रिंग एका पिशवीत ठेवली आहे.

गाडीवर सध्या वडिलांचेच शॉकअप आहेत. चाचांनी रॉडला नवीन हार्ड क्रोम करून आणलं, सील, बुश आणि ऑईल बदललं, स्प्रिंगला काळा रंग दिला. सगळं मिळून एकवीसशे रुपये. मेन स्टँडवर चाक मोकळं फिरतं. बायको अजून मागे बसायला तयार नाही आणि मी तिला आग्रह करत नाही.

जुन्या येझदीचा ‘सील माल’ म्हणून मैसुरू छापलेलं खोकं तुमच्याकडेही आलं असेल तर ते फेकू नका, पावतीसोबत जपून ठेवा. आणि त्यातले शॉकअप गाडीवर असतील तर आजच काढा.