रिस्ट्रिक्शन: निर्बंध, मर्यादा, मनाई की बंदी?

सोसायटीची नोटीस असो की बँकेचं पत्रक, इंग्रजी मसुद्यात 'रिस्ट्रिक्शन' आलं की मराठीत लिहिणारा अडतो. शब्दकोश चार-पाच पर्याय देतो, पण कुठला कुठे बसवायचा ते सांगत नाही.

सप्टेंबर 2019 आठवा. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. सहा महिन्यांत खात्यातून काढायच्या रकमेला सुरुवातीला 1,000 रुपयांची मर्यादा होती आणि परवानगीशिवाय नवं कर्ज द्यायला मनाई. तिन्ही शब्द एकाच आदेशात, आणि तिन्ही आपापल्या जागी. निर्बंध म्हणजे व्यवहार चालू, पण अटींनी बांधलेला. मर्यादा म्हटलं की आकडा हवा, निदान रेघ तरी. मनाई एखाद्या ठरावीक कृतीला. 'बँकेवर बंदी' लिहिणं त्या दिवशी चूकच ठरलं असतं. अर्थात रांगेतल्या खातेदाराला हा फरक समजावायला मी गेलो नसतो.

संविधानाच्या मराठी पाठातही हाच विवेक आहे. अनुच्छेद 19 मधल्या स्वातंत्र्यांवर 'वाजवी निर्बंध', कारण स्वातंत्र्य शाबूत आहे. अनुच्छेद 24 मध्ये कारखान्यात बालकांना कामावर ठेवण्यास 'मनाई'. तिथे घासाघीस नाही.

बंदी सगळ्यांत कडक, आणि जोडशब्दांत जास्त रमणारी: दारूबंदी, नोटाबंदी, प्लॅस्टिकबंदी. गंमत जमावबंदीची. नावात बंदी असली तरी चौघे एकत्र उभे राहू शकतात, पाचवा आला की कायदा जागा होतो!

'प्रतिबंध' मात्र जपून. हिंदीत तो सरळ बंदी आहे, आणि हिंदी बातमी घाईत मराठीत उतरवली की तसाच घुसतो. मराठीत त्याचा रोख आधीच अडवण्यावर: रोगप्रतिबंधक लस, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. मी बंदीच्या अर्थाने तो टाळतो.

आता तुमची नोटीस. पाहुण्यांच्या गाड्या रात्री आत नको असतील तर 'रात्री दहानंतर पाहुण्यांच्या गाड्यांना मनाई' लिहा. एका घरामागे एकच गाडी चालणार असेल तर 'मर्यादा' बरोबर, पण आकड्यासकट. नुसतं 'पाहुण्यांनी मर्यादा पाळावी' असं लिहिलंत, तर पार्किंग राहील बाजूला आणि कुणाचे तरी सासरे रुसून बसतील.