हळदीच्या पाकिटासाठी जाहिरात संस्था: सांगलीतील एका कामाचा अनुभव

मार्केट यार्डातील सौद्यांत घेतलेली हळद दळून लहान पाकिटांत विकण्याचा आमचा घरगुती व्यवसाय आहे. हे पाकीट नव्या रूपात बाजारात आणण्याचे काम आम्ही विश्रामबाग भागातील एका छोट्या जाहिरात संस्थेकडे सोपवले होते. तेथील क्रिएटिव्ह डायरेक्टर मॅडम मुंबईतील मोठ्या एजन्सीत उमेदवारी आणि पुढे नोकरी करून सांगलीला परतलेल्या आहेत. कामातील उणिवांबद्दलही लिहायचे असल्यामुळे संस्थेचे नाव येथे दिलेले नाही.

क्रिएटिव्ह डायरेक्टर म्हणजे चित्र काढणारी किंवा चटकदार ओळ लिहिणारी व्यक्ती, असा आमच्यासारख्या व्यापाऱ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात मॅडमनी आमच्या कामात एकही चित्र काढले नाही. मजकूर लिहिणारी एक मुलगी आणि एक चित्रकार हे दोघे एकाच टेबलाशी बसून कच्चे आराखडे करत, आणि त्यांतील बहुतेक मॅडम बाद करत. लेखक आणि चित्रकार यांना अशी जोडीने कामाला बसवण्याची पद्धत न्यूयॉर्कमध्ये बिल बर्नबाख या जाहिरातकारांनी 1949 मध्ये सुरू झालेल्या आपल्या संस्थेत रुजवली. त्यापूर्वी लेखक मजकुराचा कागद चित्रकाराकडे पाठवून देई आणि त्याचे काम तेथेच संपे. काय ठेवायचे, काय टाकायचे आणि टाकलेले का टाकले हे त्या दोघांना पटेल अशा रीतीने सांगायचे, हाच मॅडमच्या दिवसाचा मोठा भाग असतो, आणि आम्ही पैसे मोजले ते मुख्यतः या निवडीसाठी.

बाद झालेल्या कल्पनांमध्ये आमच्याही होत्याच. हळद लागलेली नवरी, जेजुरीचा उधळलेला भंडारा, खलबत्ता घेऊन बसलेली आजी ही तिन्ही चित्रे आम्ही मोठ्या हौसेने सुचवली होती. मॅडमनी बाजारातील इतर पाकिटे समोर मांडली. त्यांवर हीच चित्रे होती. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट भागातील मालाची कायदेशीर ओळख, मिळाले आहे, तेव्हा तेच ठळक छापावे, असा आमचा पुढचा आग्रह होता. त्यावर अधिकृत वापरकर्ता म्हणून आमची नोंदणी आहे का आणि आमचा सगळा माल सांगली जिल्ह्यातच पिकलेला असतो का, असे दोन प्रश्न आले. येथील सौद्यांत कर्नाटकातूनही मोठी आवक होते, हे यार्डात वावरणाऱ्या कोणालाही माहीत असते. तो आग्रह आम्ही सोडला.

पाकिटावर शेवटी जे आले ते गिरणीत सापडले. मॅडम लेखिकेला घेऊन उन्हाळ्यात आमच्या गिरणीवर येऊन बसल्या होत्या. वर्षाची हळद आणि चटणी दळून न्यायला आलेल्या बायका एकमेकींना काय विचारतात, याकडे त्यांचे लक्ष होते. दळण कधीचे आहे, हा प्रश्न वारंवार येत होता. पाकिटावर मात्र तारीख कोपऱ्यात, बारीक ठशांत असते. त्यामुळे आमच्या नव्या पाकिटाच्या दर्शनी बाजूस चित्रच नाही. पिवळ्या पार्श्वभूमीवर दळल्याची तारीख मोठ्या आकड्यांत आहे, आणि आमचे नाव तिच्या खाली, त्याहून लहान आहे. वडिलांना हे नाव लहान होणे अजूनही रुचलेले नाही. तारीख पुढे आणल्यावर जुना माल दुकानात पडून राहणे परवडेना, म्हणून आम्हाला थोडे थोडे दळून लवकर पोहोचवण्याची सवय लावून घ्यावी लागली. जाहिरातीने गिरणीचे वेळापत्रक बदलावे, ही अपेक्षा काम देताना कोणाचीच नव्हती.

रोग बरे करण्याचे दावे लिहिण्यास संस्थेने स्पष्ट नकार दिला आणि 1954 च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याकडे बोट दाखवले. हा नकार आमच्या हिताचाच होता.

कल्पना कोठून सुचतात, असे एकदा विचारले असता मॅडमनी जाहिरातींची नव्हे, माणसांची उदाहरणे दिली. नामवंत जाहिरातकार पीयूष पांडे 1982 मध्ये जाहिरातीच्या क्षेत्रात आले, त्यापूर्वी ते रणजी सामने खेळले होते आणि चहाची प्रत पारखण्याचे कामही त्यांनी केले होते. दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील होते. किर्लोस्करवाडीचे शंकरराव किर्लोस्कर मुळात चित्रकार. लोखंडी नांगर बनवणाऱ्या तेथील कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवण्यासाठी 1920 मध्ये निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ त्यांच्या संपादनाखाली मराठीतील मोठे मासिक झाले. लोखंडी नांगराने जमीन नासते असे मानणाऱ्या शेतकऱ्याला नांगर विकायचा, तर आधी त्याच्या शंकेचे उत्तर द्यावे लागते. ‘विश्वासाचे प्रतीक’ छापून भागवणाऱ्या आपल्याकडील फ्लेक्सवाल्यांनी याचा विचार करायला हरकत नाही.

आता उणिवा. कबूल केलेली मुदत पाळली गेली नाही आणि हळदीचा ऐन हंगाम जुन्या पाकिटावरच गेला. मॅडमच्या नजरेखालून गेल्याशिवाय काहीही बाहेर पडत नाही, त्यामुळे त्या प्रवासात असल्या की काम जागीच थांबते, आणि फोनवर उत्तर देऊ शकेल असा दुसरा जाणता माणूस तेथे नाही. मराठी मजकुराची तपासणी मात्र काटेकोर होती. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक छपाईला गेली नाही. दर सांगलीच्या मानाने जास्त वाटतात, त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा, आणि ठरलेल्या फेऱ्यांपलीकडील दुरुस्त्यांचे पैसे निराळे लागतात. केवळ लेबल किंवा दुकानाची पाटी करून घ्यायची असेल, तर एवढा खर्च करण्याचे कारण नाही. चांगला डीटीपी करणारा ते काम करतो. माल चांगला असूनही गिऱ्हाइकाला आपण काय सांगायचे हेच ज्यांना उमगत नाही, त्यांनी जरूर जावे. जाण्यापूर्वी करारात मूळ आर्टवर्कच्या फाइली आपल्याला मिळतील, असे कलम लिहून घ्यावे. आमच्या करारात ते नव्हते. नंतर मागितल्यावर फाइली मिळाल्या, पण त्यांचे वेगळे बिल झाले.