जुना ब्रिज परत मागून घ्या

गेल्या महिन्यात एका रात्री, सेकंडहँड वस्तूंच्या एका साइटवर, माझ्याच गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा टेकतात ती घोडी, विकायला ठेवलेला दिसला. किंमत बत्तीस हजार. ओळखला कशावरून? सतारीच्या तारेवरून.

गिटार काकांची. ते बोटीवर इंजिनिअर होते. १९७१ साली न्यूयॉर्कच्या ४८व्या रस्त्यावर, तेव्हा तिथे वाद्यांची दुकानंच दुकानं असायची, त्यांनी गिब्सन या अमेरिकन कंपनीची ही ईएस-३३५ इलेक्ट्रिक गिटार कुणाची तरी वापरलेली घेतली. (आजही कुणाला दाखवली की ‘गिव्हसन ना, कलकत्त्याची?’ असं विचारतात.) नक्की साल सांगणं अवघड, कारण साठच्या दशकात गिब्सननं तेच ते सिरियल नंबर पुन्हा पुन्हा टाकले. पण डोक्यामागे ‘मेड इन यूएसए’चा ठसा नाही, म्हणजे १९७०च्या आधीची, आणि तारा मागच्या लांब ट्रॅपीझ टेलपीसला अडकवलेल्या, म्हणजे १९६५ च्या सुमाराची किंवा नंतरची.

तिच्यावरचा ब्रिज गिब्सनच्या एबीआर-१ जातीचा. दोन बारीक स्क्रू थेट लाकडात, त्यांच्यावर ब्रिज नुसता टेकलेला. सहा सॅडल, म्हणजे एकेक तार टेकते ते छोटे तुकडे, आणि गिटारची तार तुटल्यावर ते उडून पडू नयेत म्हणून वरून आडवी घातलेली एक बारीक तार. ती मूळची तार कधीतरी हरवली. काकांनी मिरजेहून, सतारमेकरांच्या गल्लीतून, पोलादी तारेचा तुकडा आणून बसवला आणि एका टोकाला वेढा जरा जास्तच दिला. पन्नास वर्षांत त्या गिटारवर झालेली एवढीच काय ती दुरुस्ती.

माझ्याकडे आल्यावर डी तार घरघरायला लागली. सतारीच्या घोडीवर जवारी, म्हणजे तारेची ती झंकारती घरघर, काढायला लोक पैसे मोजतात; इथे ती फुकट मिळत होती आणि नको होती. पुण्यात पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याचं नाव दोघांनी सुचवलं. गेलो.

त्यानं गिटार हातात घेतली, दोन मिनिटं वाजवली आणि म्हणाला, “सर, ब्रिज गेलाय. मधून बसलाय. शिवाय हे पांढरे सॅडल बघा, प्लास्टिक! तुमचा ओरिजिनल ब्रिज आधीच कुणीतरी मारलाय, हा डुप्लिकेट आहे.”

मी मुकाट ऐकून घेतलं, आणि तिथंच फसलो. साठच्या दशकात गिब्सन स्वतःच नायलॉनचे पांढरे सॅडल बसवत असे. ते असणं ही उलट खरेपणाची खूण होती. ब्रिज उलटा करून पाहिला असता तर खाली ‘एबीआर-१’ ओतलेलं दिसलं असतं. पण काकांना कुणीतरी गंडवलं होतं, या कल्पनेनंच मी इतका खट्टू झालो की पाहायचं सुचलं नाही.

“इंपोर्टेड बसवतो, इंटोनेशनला जागा जास्त मिळते,” म्हणाला. इंटोनेशन म्हणजे तार कुठेही दाबली तरी सूर नेमका लागणं. साडेसात हजार. चिठ्ठीवर लिहिलं ‘सेटअप + ब्रिज’, बस. जुना ब्रिज मी मागितला नाही. डुप्लिकेट भंगार घेऊन काय करू?

चार दिवसांनी गिटार मिळाली. घरघर गेली होती. रुंद, चकचकीत, ‘नॅशविल’ म्हणतात त्या पद्धतीचा ब्रिज होता. तो इंटोनेशनचं खोटं बोलला नव्हता, रुंद ब्रिजवर सॅडल सरकायला जागा जास्त असते हे खरं. पण असल्या ब्रिजच्या खांबांना लाकडात बुश, म्हणजे धातूच्या नळ्या, ठोकावे लागतात. जिथे साडेतीन मिलिमीटरच्या स्क्रूची भोकं होती, तिथे त्यानं अकरा मिलिमीटरचं ड्रिल मारलं होतं. हे मला कळलं बत्तीस हजारांचा तो फोटो पाहिल्यावर, घाईघाईनं तारा सोडून ब्रिज उचलला तेव्हा. तोच ‘इंपोर्टेड’ ब्रिज ऑनलाइन नऊशे रुपयांना मिळतो.

दुकानात गेलो. “तो तर स्क्रॅपमध्ये दिला सर.” मी फोटो दाखवला, तारेचा जादा वेढा दाखवला. “असे शंभर असतात.” संध्याकाळपर्यंत जाहिरात गायब. स्क्रीनशॉट आहे, पण ब्रिजचा आधीचा एकही फोटो माझ्याकडे नाही. काकांचा मिरजेचा वेढा फक्त मला आणि काकांना ठाऊक. पोलीस चौकीत हवालदारांनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली आणि विचारलं, “वस्तू तुमची होती असं यात कुठंय?” बरोबरच होतं त्यांचं.

घरघरीचं म्हणाल तर ब्रिजवरची ती आडवी तार सैल झाली की सॅडलच्या स्क्रूंना लागून वाजते. या ब्रिजचा हा जुनाच रोग. बोटानं तार दाबून धरायची. आवाज थांबला तर दोष तिचाच, वाकवून घट्ट केली की काम झालं. ब्रिज खरंच मधून बसलाय का हे त्याच्याखाली पोलादी पट्टी धरून दोन सेकंदांत दिसतं, आणि बसलेला असला तरी जपून दाबून बऱ्याचदा सरळ करता येतो. आणि बदलायचाच झाला, तर जुन्याच स्क्रूंवर, लाकडाला ड्रिल न लावता बसणारे ब्रिज मिळतात. ड्रिल काढणाऱ्याला त्याच क्षणी थांबवा. गिटार देण्याआधी ब्रिजचे वरून आणि खालून फोटो काढा, आणि ‘जुने भाग परत द्यावेत’ हे चिठ्ठीवर दुरुस्तीवाल्याकडूनच लिहून घ्या.

मी शेवटी गिटार मुंबईला एका वयस्कर कारागिराकडे नेली. त्यांनी दोन्ही भोकांत मेपलच्या खुंट्या चिकटवल्या, त्यांत पुन्हा बारीक भोकं पाडली आणि जुन्या मापाचा नवा ब्रिज बसवला. वॉर्निशवरचे दोन गोल डाग राहिले, ते राहणारच. गिटारसोबत त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी दिली. आत तो नऊशेचा ब्रिज, दोन बुश, जुन्या तारांची वेटोळी, आणि तळाशी चिमूटभर लाकडाचा भुसा. मी काहीच मागितलं नव्हतं.