कागदावर शेव्हेल, जाहिरातीत एसएस ४५४

मी एका जुन्या अमेरिकन गाडीचे ६८,५०० डॉलर दिले. वर मिशिगनचा सहा टक्के कर ४,११०, बंद ट्रेलरमधून गाडी आणायचे १,८५० आणि खरेदीआधीच्या तपासणीचे ४७५. एकूण ७४,९३५ डॉलर. नंतर ज्या जाणकाराला गाडी दाखवली त्याने तिची किंमत केली ३६,०००. हे सगळं लिहिताना लाज वाटते आहे, पण आपल्यातले बरेच जण आता चाळिशी-पन्नाशी ओलांडून याच नादाला लागलेत. त्यांच्यासाठी लिहितो आहे.

गाडी १९७० ची शेव्हेल, शेव्हरोले कंपनीची. जाहिरातीतले शब्द असे: 'अस्सल एसएस ४५४, नंबर्स मॅचिंग, बिल्ड शीटसह.' एसएस म्हणजे शेव्हेलची तगडी आवृत्ती, ४५४ हा इंजिनाचा आकार घन इंचांत, नंबर्स मॅचिंग म्हणजे गाडीत कारखान्यातलंच मूळ इंजिन, आणि बिल्ड शीट म्हणजे कारखान्यात गाडीला काय काय बसवलं त्याचा कागद. विक्रेता दक्षिणेकडच्या एका राज्यातला. मोठी शोरूम, गोड बोलणं, फोन कधीही करा, लगेच उचलणार. मी डेट्रॉइटच्या आसपास राहतो, पोटापाण्याला गाड्यांचाच धंदा, ब्रेकच्या विभागात इंजिनिअर. दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड अॅव्हेन्यूवर या गाड्या बघत उभा राहणारा माणूस मी. मला काहीच कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. मी वाचलं होतं, विचारलं होतं, तपासणीचे पैसे मोजले होते.

किंमत कशावर ठरते ते आधी नीट समजून घ्या, कारण चोरी नेमकी तिथेच होते. शेव्हेलचीच साधी व्ही-८ आवृत्ती मालिबू आणि एसएस ४५४ यांची बॉडी एकच. १९६६ ते ६८ मधल्या एसएस ३९६ चा चेसिस नंबर १३८ ने सुरू व्हायचा, त्यामुळे ती गाडी नंबरावरूनच ओळखू येते. १९६९ पासून एसएस हे वरून पैसे देऊन घ्यायचं पॅकेज झालं. १९७० च्या टू-डोअर हार्डटॉपचा नंबर १३६३७ नेच सुरू होतो, मग आत ३०७ चं साधं इंजिन असो की ४५४. एसएसच्या पाट्या, बॉनेट, गोल मीटरचा डॅशबोर्ड, बारा बोल्टचं मागचं अॅक्सल, सगळं कॅटलॉगमधून नाहीतर भंगारातून मिळतं. चांगला कारागीर असला की मालिबूची एसएस होते, आणि बघणाऱ्याला फरक दिसत नाही.

दुसऱ्या कंपन्यांचं असं नाही. पॉन्टियाकच्या नोंदी शाबूत आहेत, त्यांच्या जीटीओ गाडीचा नंबर पीएचएस या नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेकडे पाठवला की गाडी कारखान्यातून कशी निघाली त्याची प्रत मिळते. फोर्डची १९६७ पासूनची माहिती मार्टी रिपोर्टमध्ये मिळते. १९७० च्या प्लिमथच्या हेमी कूडा गाडीच्या नंबरातच इंजिनाचं अक्षर आहे, आर. अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेव्हरोलेच्या एकेका गाडीच्या नोंदी मात्र उरल्या नाहीत. कॅनडात विकलेल्यांच्या आहेत. म्हणजे अमेरिकेतली १९७० ची शेव्हेल अस्सल आहे हे सांगणार कोण? बिल्ड शीट, वॉरंटी पुस्तिकेतली पत्र्याची प्रोटेक्ट-ओ-प्लेट, डीलरचं मूळ बिल आणि इंजिनाच्या ब्लॉकवर, म्हणजे त्याच्या ओतीव सांगाड्यावर, ठोकलेले आकडे. एवढंच. खोटेपणा करायचा असेल त्याला मोकळं रान आहे.

आणि मूळ इंजिनाला एवढा भाव का? कारण ती उरलीच नाहीत. या गाड्या नव्या असताना कुणी जपल्या नाहीत. शनिवारी रात्री शर्यती, फुटलं इंजिन की टाक दुसरं. मग विम्याचे हप्ते चढले, १९७१ मध्ये कंपनीने कॉम्प्रेशन उतरवून इंजिनांची ताकद कमी केली, १९७३ मध्ये तेल महागलं आणि ४५४ वाल्या गाड्या सेकंडहँड बाजारात कवडीमोलाने गेल्या. ४५० अश्वशक्तीच्या एलएस६ इंजिनाच्या एकूण ४,४७५ च बनल्या होत्या. मी घेतली ती म्हणे ३६० अश्वशक्तीची एलएस५. तिच्यातही मूळ इंजिन आणि कागद असले तर एक भाव, नसले तर जवळपास निम्मा. रंगाची चकाकी त्यापुढे काहीच नाही. २०२० च्या जानेवारीत फ्लोरिडातल्या किसिमीच्या लिलावात 'बुलिट' चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली १९६८ ची मस्टँग गेली ३७ लाख ४० हजार डॉलरना, आणि ती गाडी रंग उडालेली, गंजाने खाल्लेली, तशीच्या तशी ठेवलेली होती. तिचा इतिहास सलग सिद्ध होत होता, म्हणून ती किंमत.

हे सगळं मला खरेदीआधी माहीत होतं. म्हणूनच जास्त जळतं.

विक्रेत्याने ढिगाने फोटो पाठवले. त्यात बॉडीवरच्या टॅगचा फोटो होता: ०३सी, म्हणजे मार्चचा तिसरा आठवडा. एक फोटो लिफ्टवर चढवलेल्या गाडीच्या खालून काढलेला, स्टार्टरजवळ ब्लॉकवर ओतीव अक्षरं स्पष्ट: ई ६ ०. ई म्हणजे मे. ६ मे १९७०. बॉडी मार्चची आणि ब्लॉक मेमध्ये ओतलेला! रात्री जेवण झाल्यावर मी ते दोन्ही फोटो शेजारी शेजारी उघडले होते. पाहिलं नाही असं नाही, पाहिलं. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलंसुद्धा. तो क्षणभरही अडखळला नाही. म्हणाला, "त्या वर्षी जीएममध्ये केवढा मोठा संप झाला होता. बॉडी तयार होऊन महिनोन्महिने पडून होत्या. १९७० च्या गाड्यांत हे नेहमीचं आहे."

संप झाला होता हे खरं आहे. जीएम म्हणजे जनरल मोटर्स, शेव्हरोलेची मूळ कंपनी. १९७० चा जीएमचा संप इथे सगळ्यांना माहीत, चार लाखांच्या आसपास कामगार, ६७ दिवस. पण तो सुरू झाला १५ सप्टेंबरला! मार्च-मेशी त्याचा काय संबंध? ज्या शहरात त्या संपात उतरलेली माणसं अजून हयात आहेत त्या शहरात बसून मी ते ऐकून घेतलं. एक तारीख बघायची होती. पण कुणीही माझ्या जागी असता तर हेच झालं असतं, कारण खोटं सांगणाऱ्याने त्यात खरी गोष्ट मिसळली होती, आणि तपासणी करणारा माणूसही 'आकडे जुळतात' असं लिहून मोकळा झाला होता. तो माणूस विक्रेत्यानेच सुचवला होता. हे मात्र कुणीही करू नका. तपासणारा आपण शोधायचा, विक्रेत्याच्या गावापासून लांबचा, आणि फक्त त्याच जातीच्या गाड्या बघणारा.

गाडी घरी आल्यावर विम्यासाठी किंमत ठरवायला ६५० डॉलर देऊन एक म्हातारे गृहस्थ बोलावले. त्यांनी प्रवासी बाजूच्या सिलिंडर हेडसमोरची पट्टी साफ केली, बाजूने टॉर्च मारला, भिंग धरलं. कारखान्यात ती पट्टी कापताना बारीक समांतर रेघा राहतात. इथे पट्टी घासून गुळगुळीत. जुन्या इंजिनाचं काम करताना कधी कधी रेघा जातात, तेवढ्यावरून खोटं ठरत नाही, असं तेच म्हणाले. मग त्यांनी ठोकलेली तारीख वाचली: टी ०३१२. टोनावांडाच्या कारखान्यात १२ मार्चला जोडलेलं इंजिन. आणि ब्लॉक ओतला गेला ६ मे रोजी. ओतायच्या आधी जोडलेलं इंजिन जगात कुठे असतं? आकडे नंतर ठोकलेले होते. बिल्ड शीटची तर मला झेरॉक्सच दिली होती, 'मूळ प्रत आधीच्या मालकाकडे' म्हणून. झेरॉक्सवर एक डॉलरही वाढवून देऊ नका. देवगडची पेटी आणि आत कर्नाटकचा आंबा, तसा हा व्यवहार.

गाडी ट्रिब्यूट, म्हणजे एसएससारखी सजवलेली उघड नक्कल, म्हणून विकली असती तर माझी काहीच तक्रार नव्हती. ३६,००० ला मी ती आनंदाने घेतली असती, गाडी चालते छान.

आता दाद मागायला गेलो त्याचं ऐका. इथल्या पोलिसांनी डॅशबोर्डवरचा नंबर टायटलशी, म्हणजे मालकीच्या कागदाशी, ताडून पाहिला. जुळला. "गाडी चोरीची नाही, मग आमचं काम काय? हे दिवाणी प्रकरण." विक्रेत्याच्या राज्यातल्या पोलिसांना फोन केला तर ते म्हणाले, तुमच्या राज्यात तक्रार करा. बँक म्हणाली, वायर (खात्यातून थेट पैसे पाठवणं) तुम्हीच केली, तुमच्याच संमतीने केली, परत येणार नाही. (वायर करू नका. एवढी रक्कम तर नाहीच. एस्क्रोला (सौदा पुरा होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे ठेवायला) तयार नसेल तो विक्रेता सोडून द्या.) सरकारी ऑनलाइन फॉर्म भरला, त्याचा क्रमांक आला, माणूस कुणी आला नाही.

ग्राहक संरक्षण खात्याने माझी तक्रार विक्रेत्याला पाठवली, त्याचं उत्तर मला पाठवलं आणि फाइल बंद केली. उत्तरात काय, तर ग्राहकाने स्वतंत्र तपासणी करून घेतली होती आणि 'अॅज इज' वर, म्हणजे 'आहे तशी घेतली' यावर, सही केली आहे. स्वतंत्र! मी त्या खात्यात फोनवर विचारलं, जाहिरातीतलं वाक्य खोटं आहे हे तुम्ही बघणार की नाही? पलीकडची बाई म्हणाली, आम्ही मध्यस्थी करतो, निर्णय देत नाही. मग निर्णय कोण देतो? छोट्या दाव्यांच्या कोर्टाची मर्यादा माझ्या रकमेच्या जवळपासही पोचत नाही. वकील ७,५०० डॉलर आगाऊ मागतो, आणि खटला चालवायचा विक्रेत्याच्या राज्यात. गाडी नोंदवणाऱ्या खात्याला म्हटलं, गाडीची खरी किंमत ३६,००० आहे, निदान जादा भरलेला कर तरी परत द्या. उत्तर: तुम्ही जेवढे दिले तीच किंमत. म्हणजे माझी फसवणूक सरकारला मान्य नाही, पण फसवणुकीवरचा कर मान्य आहे! एका पोलिसाने जाताना गाडीवर हात फिरवून 'सुंदर आहे' म्हटलं. मला तेव्हा काय वाटलं ते लिहिता येत नाही.

मुळाशी एकच गोष्ट आहे. माझ्या टायटलवर लिहिलंय शेव्हरोले, शेव्हेल, १९७०. बिल ऑफ सेलवरही, म्हणजे विक्रीच्या कागदावरही, तेवढंच. तिथे एसएस नाही, ४५४ नाही, नंबर्स मॅचिंग नाही. ३२,५०० डॉलरचा फरक ज्या शब्दांवर उभा होता ते शब्द फक्त जाहिरातीत होते, आणि सौदा झाल्या झाल्या विक्रेत्याने जाहिरात काढून टाकली. माझ्याकडे तिचे स्क्रीनशॉट होते म्हणून वकील निदान बोलायला तरी तयार झाला. त्यामुळे बिल ऑफ सेलवर 'मूळ एसएस ४५४, मूळ इंजिन' असं लिहून, विक्रेत्याची सही घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. तो लिहायला का-कू करू लागला तर तेच तुमचं उत्तर.

माझ्या विक्रेत्याच्या त्याच शोरूममध्ये आता दुसरी १९७० ची शेव्हेल उभी आहे, निळी, पांढऱ्या पट्ट्यांची, ७२,००० डॉलर. कुणी तिच्याकडे बघत असाल, किंवा दुसरीकडच्या कुठल्याही ४५४ कडे, तर बॉडीचा टॅग, ब्लॉकवरची ओतीव तारीख आणि ठोकलेली पट्टी, तिन्हींचे स्पष्ट फोटो मागवा आणि मला पाठवा. मी बघून सांगतो, पैसे घेणार नाही.