मुलांचे फुटबॉल वर्ग, कळंबा-पाचगाव-आर. के. नगर: फी भरण्याआधी एवढं बघा

कोल्हापुरात कळंबा, पाचगाव, आर. के. नगर, उजळाईवाडी या सगळ्या पट्ट्यात आता चौकाचौकात फुटबॉल अकॅडमीचे फ्लेक्स लागलेत. माझी पाचवीतली मुलगी आणि आठवीतला मुलगा यातल्या तीन वर्गांत जाऊन आलेत. एका वर्गावर मी मनापासून खूश आहे, एकातून मुलांना काढलं, आणि एक ठीकठाक होता. नाव कुणाचंच लिहीत नाही, चांगल्याचंही नाही, कारण आपल्याकडं कोच हंगामाला बदलतात आणि कोच गेला की मागं फक्त जर्सीचा रंग उरतो.

आमचं सासर शिवाजी पेठेतलं. तिथं फुटबॉल शिकायला कुणी फी भरत नव्हतं. गल्लीतली पोरं गांधी मैदानावर मोठ्यांना बॉल आणून द्यायला जायची, कधीतरी एक गडी कमी पडला की आत घुसायची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी या पेठांतल्या संघांची मॅच असली की घरात दुसरा विषय नसायचा. जागा पुरेना म्हणून आम्ही इकडं राहायला आलो. घर मोठं झालं, पण मुलांचं ते येता-जाता शिकणं पेठेतच राहिलं. इकडच्या मुलांना वर्गाशिवाय पर्याय नाही, म्हणून तो वर्ग चांगलाच पाहिजे असं मला वाटतं.

पहिला वर्ग टर्फवरचा. संध्याकाळी लाइट, हिरवंगार मैदान, महिना 1,500 रुपये, शिवाय किट त्यांच्याकडूनच घ्यायचं. बघताक्षणी कुणालाही आवडेल. पण मी जाळीबाहेर बसून बघितलं, तर वीसेक मुलं एका ओळीत उभी. पुढं तीन कोन. एकानं बॉल घेऊन कोनांतून जायचं, गोलवर मारायचा आणि पळत ओळीच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. तासाभरात माझ्या मुलीचा पाय बॉलला किती वेळा लागला ते मोजायला हाताची बोटं पुरली. बाकी सगळा वेळ पुढच्या मुलाच्या पाठीवरचा नंबर बघत उभी. शेवटी दहा मिनिटं मॅच, त्यात दोन दांडगी पोरं खेळली आणि उरलेली त्यांच्या मागं पळाली.

बॉल सगळ्यांना एकाच मापाचा, पाच नंबरचा. पाच नंबरचा बॉल 410 ते 450 ग्रॅमचा असतो, तो मोठ्यांचा. साधारण आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चार नंबरचा द्यायचा असतो, तो 350 ते 390 ग्रॅमचा, घेरानंही लहान. त्याहून लहानांना तीन नंबरचा. पाचवीतल्या मुलीनं पाच नंबरच्या बॉलला जोर लावला की तिचं अंग मागं झुकतं, बॉल उडतो, आणि तीच सवय पायाला लागते. हे तिथल्या सरांना विचारलं तर म्हणाले, "सवय झालेली बरी वहिनी, पुढं हाच वापरायचा आहे." मला ते पटलं नाही.

तिथून काढायचं कारण मात्र वेगळं. मी नर्स आहे. एका मुलाच्या डोक्याला दुसऱ्याचं डोकं लागलं, पोरगं खाली बसलं, डोळे किलकिले करत होतं. सरांनी तोंडावर पाणी मारलं आणि पाच मिनिटांत परत खेळायला उभं केलं. डोक्याला मार लागल्यावर जरा जरी शंका असली तरी त्या दिवशी मूल परत मैदानात उतरता कामा नये. उलटी, झोपाळूपणा, वाढती डोकेदुखी यावर घरच्यांनी लक्ष ठेवायचं, आणि यातलं काही दिसलं तर सरळ दवाखाना. त्या मुलाच्या आईला हे मी गेटवर सांगितलं, वर्गाकडून तिला काहीच कळवलं नव्हतं. त्याच वर्गात लहान मुलांकडून हेडिंगचा सराव करून घेत होते. अमेरिकेत 2015 मध्येच दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग बंद केलं, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं 2020 मध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांच्या सरावातून ते काढायला सांगितलं. आपण अजून पोरांच्या डोक्यावर बॉल टाकतोय.

दुसरा वर्ग शाळेच्या मैदानावरचा, सुट्टीतला. सर चांगले, मुलं खुश, पण शेवटी सगळ्यांना मेडल आणि गोव्याच्या स्पर्धेसाठी पालकांकडून वेगळे पैसे. आम्ही दिले नाहीत. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

आता तिसरा. सकाळी साडेसहाला, कळंबा रस्त्याच्या बाजूला, साध्या तांबड्या मातीवर. सर पेठेच्या संघातून खेळलेले, आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं कोचिंगचं डी लायसन्स घेतलेले. फी टर्फच्या निम्मी. आणि प्रत्येक मुलाला बॉल! जुने आहेत, काहींचं वरचं कातडं निघालंय, पण हवा बरोबर भरलेली आणि नंबर वयाप्रमाणे. आल्या आल्या कुणी ओळ करत नाही. चुन्यानं चार चौकोन आखलेले असतात, एकेका चौकोनात सहा-सात मुलं, सगळ्यांच्या पायात बॉल, आणि एकमेकांना न धडकता फिरायचं. सर मधे उभे राहून बोटं दाखवतात, किती ते ओरडून सांगायचं. त्यामुळं मान खाली घालून चालतच नाही. परवा माझ्या मुलीला म्हणाले, "काय गं पोरी, डावा पाय घरी ठेवून आलीस काय?" ती दिवसभर घरात डाव्या पायानं भिंतीवर बॉल मारत होती.

मॅच पाच-पाच जणांची, छोट्या गोलवर. सगळ्यात कच्चं पोरगं कधी बाहेर बसलेलं मी बघितलं नाही. सर त्याला मुद्दाम मधे खेळवतात, म्हणजे बॉल त्याच्याकडं येतोच. मुलाच्या वर्गमित्राला पळताना धाप लागते, त्याचा श्वासाचा पंप सरांच्या बॅगेत असतो. शेजारी बर्फाचा डबा. त्या डब्यावरून माझा विश्वास बसला.

मुलीच्या बाबतीत एक सांगते. आधीच्या दोन्ही वर्गांत ती एकटी मुलगी होती आणि तिला कायम गोलवर उभं करायचे. इथं सात-आठ मुली आहेत, मुलांच्यातच खेळतात, आणि खांद्याला खांदा लागला तर सर शिट्टी वाजवत नाहीत. पण मैदानावर स्वच्छतागृह नाही. समोरच्या घरातल्या काकू दार उघडून देतात म्हणून चाललंय. हे सरांनी आणि आम्ही पालकांनी मिळून मार्गी लावायला पाहिजे, त्यांच्या भलेपणावर किती दिवस चालायचं.

बऱ्याच फ्लेक्सवर अनिकेत जाधवचा फोटो असतो. कोल्हापूरचा पोरगा 2017 च्या 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, याचा मलाही अभिमान आहे. पण तो लहानपणी घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि तिथं घडला. संध्याकाळच्या एका तासात तुमच्या मुलाला तिथवर पोचवू असं कुणी म्हणालं, तर त्याला मूल देऊ नका. आमचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "स्टेडियमचं मी काय सांगू शकत नाही, पण बारावीपर्यंत पोरगं खेळत राहील एवढं बघतो."

या वर्गात उणं काय? गोलकीपरला वेगळं काही शिकवत नाहीत, हातमोजे घातले की तू आणि तुझं नशीब. दुसरं म्हणजे पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये मैदानाचा चिखल होतो, वर्ग आठवडेच्या आठवडे बंद, आणि फी परत मिळत नाही. तेवढ्यापुरता शाळेचा हॉल घ्या म्हणून आम्ही मागं लागलोय, सर बघतो म्हणालेत.

म्हणून जूनमध्ये घाई करू नका. पाऊस उघडला की ऑक्टोबरात एका सकाळी मुलाला घेऊन या, पण त्याला लगेच आत सोडू नका. दोघं कट्ट्यावर बसा, मुलांचे पाय बॉलला किती वेळा लागतात आणि मुलं ओळीत किती वेळ उभी राहतात ते बघा, मग सरांशी बोला. सव्वाआठला वर्ग सुटतो, त्यानंतर ते मोकळे असतात.